अर्ध्या अंशाचा कल

"मग वळत का नाहीत, बाई?"

साखवळकर बाई भिंतीकडे बघत होत्या.

"दुप्पट केला मी लेझर. दुप्पट! तरी ढिम्म."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय... उभे आहेत बिचारे. सरळ."

शार्दूल रणपिसेला हे उत्तर आवडलं नाही. बाईंची उत्तरं त्याला तशी कधीच आवडत नसत. चार वर्षं तो त्यांच्या हाताखाली संशोधन करत होता. काही विचारावं तर समोरून एखादं अर्धंमुर्धं वाक्य यायचं, तेही भलत्याच प्रश्नाचं. पण आज रागवायलाही सवड नव्हती. दुपारचा एक वाजून गेला होता आणि तीनला परीक्षक यायचे होते.

प्रबंधाचा सगळा डोलारा ज्या एका प्रयोगावर उभा होता, तो त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. आणि नेमका आजच तो प्रयोग होत नव्हता.

ही हकिकत मी त्याच्याच तोंडून ऐकली, एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा त्याने ती जशीच्या तशी सांगितली आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी त्याचा आवाज बसला. मी पदरचं काही घातलेलं नाही. विज्ञान मला बेताचंच कळतं, तेवढंच इथे येईल.

प्रयोगशाळा होती साताऱ्याकडच्या एका कॉलेजच्या मागे, जुन्या दारूकोठारात. कोणे एके काळी तिथे तोफांची दारू ठेवत. दोन हात जाडीच्या भिंती, खिडकी एकही नाही, भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. लेझरवाल्यांना आणखी काय हवं? "मी दारूकोठारात असतो" असं शार्दूलने पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा खटावला त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला होता.

दाराबाहेर एका स्टुलावर स्टीलची ताटली असे. आत जाणाऱ्याने घड्याळ, अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, जे जे चकाकतं ते तिच्यात काढून ठेवायचं. देवळाबाहेर चपला काढतात तसं. बाईंच्या दोन सोन्याच्या बांगड्या तिथे रोज सगळ्यांत आधी पडत.

हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की किरणाच्या उंचीवरून खाली वाकताना डोळे मिटायचे. पूर्ण खाली गेल्यावरच उघडायचे. उठताना पुन्हा मिटायचे.

"नमस्कार केल्यासारखं वाटतं," शार्दूल मित्रांना सांगून हसायचा. "आमच्या बाई म्हणजे भित्र्या भागूबाई."

बाई भित्र्या होत्या हे खरं. त्यांनी खोलीतला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दांडी काळ्या रंगाने रंगवून टाकली होती. लेझर चकचकीत गोष्टीवर पडला की उलटून कुठेही जातो. डोळ्यात गेला तर पापणी लवायच्या आत आपलं काम करून जातो. बाईंच्या डाव्या डोळ्यात तो बावीस वर्षांपूर्वी गेला होता, त्यांच्याच हातातल्या बांगडीवरून उडून. ताटली तेव्हापासूनची.

"आंधळी नाही झाले मी," त्या नव्या मुलांना सांगत. "मधोमध एक भोक पडलंय, एवढंच. कडेचं सगळं दिसतं. तू समोर उभा राहिलास तर तुझे कान दिसतात, तोंड तेवढं दिसत नाही."

मुलं हसत. बाईही हसत. बाकी सगळा संसार उजव्या डोळ्यावर चालला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी शार्दूलला दारातच विचारलं होतं, "लेझरला घाबरतोस?"

"नाही," शार्दूल ताठ मानेने म्हणाला होता.

"मग उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो वैतागून "हो, घाबरतो" म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"खोटं बोलतोस," त्या म्हणाल्या. "पण ये. काळोखात कधीतरी खरं होईल."

तर, प्रयोग.

द्रवस्फटिक म्हणून एक चीज असते. धड पाणी नाही, धड खडा नाही. वाहतो, पण त्याचे लांबोडके रेणू मात्र सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. दोन काचांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवून त्यात तो भरायचा. त्याला हे लोक सेल म्हणतात. काचांना आतून लेसिथिन नावाच्या चिकट द्रव्याचा हात फिरवला की रेणू काचेवर ताठ उभे राहतात, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. मग त्यांच्यावर हिरवा लेझर सोडायचा. नुसत्या उजेडाच्या जोरावर रेणू मान वळवतात. त्यांनी मान वळवली की त्यांच्यातून जाणारा उजेडही वेडावाकडा होतो, आणि समोरच्या भिंतीवरचा एवढासा ठिपका उमलून त्याची वलयं होतात. एकात एक, एकात एक.

उजेड एका ठरावीक जोराच्या पुढे गेला तरच हे घडतं. शार्दूल त्याला थ्रेशोल्ड म्हणे. बाई म्हणत उंबरठा.

इतकी वर्षं वलयं येत होती. सेल बाई बनवत, चौकटीत बाईच बसवत. काल मात्र शार्दूलने परीक्षकांसाठी स्वतः नवा सेल बनवला होता. बाईंनी बसवलेली चौकट त्याला किंचित तिरकी वाटली. म्हाताऱ्या हाताची थरथर, दुसरं काय! त्याने तीन तास खपून ती किरणाला अगदी काटकोनात आणली. बाईंनी ते पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "छान. सरळ झाली."

आणि आता भिंतीवर हिरवा ठिपका होता. नुसता ठिपका.

"अजून वाढवू?"

"तुझा लेझर, तुझा हात."

"बाई, सरळ सांगा ना!"

"सरळ उभ्या असलेल्याला समोरून ढकललंस..." बाई थांबल्या. "तर त्याने कुणीकडे वळायचं? डावीकडे की उजवीकडे?"

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाही. विचारतेय."

शार्दूलने बटण आणखी फिरवलं. हादरे बसू नयेत म्हणून ट्रकच्या ट्यूबांवर ठेवलेली टेबलाएवढी दगडी फरशी, तिच्यावरची यंत्रं, सगळं हिरवट दिसू लागलं. ठिपका तसाच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा तो रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला. कानशिलांवरून घाम वाहत होता. तळहात ओले झाले होते.

"बोटाला काय झालंय?" बाईंनी विचारलं.

शार्दूलने हात मागे घेतला.

त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीभोवती विजेच्या वायरीला लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"कापलंय जरा. काच बसवताना."

"हळद लाव घरी गेल्यावर."

"हो."

बाई स्टुलावर बसल्या होत्या, त्याच्या डाव्या हाताला, भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांवर गॉगल नव्हता. तो गॉगल हिरवा उजेडच गिळून टाकतो, मग वलयं मोजणार कशी? ती मोजताना गॉगल काढावाच लागे. म्हणून तर ताटली. म्हणून तर काळे स्क्रू. जिथे काहीच चकाकत नाही, तिथे उघड्या डोळ्यांनी बसायला हरकत नाही, एवढ्या भरवशावर ती बाई बावीस वर्षं एका डोळ्याने बसत आली होती.

"चौकटीचा स्क्रू सैल असेल," शार्दूल म्हणाला. "बघतो."

"लेझर कमी कर आधी."

"एक सेकंदाचं काम आहे."

तो वाकला. सवयीने डोळे मिटले, नियमाप्रमाणे. हात पुढे करून चाचपडत स्क्रू शोधू लागला.

त्या काळ्या पट्टीचं टोक घामाने सुटलं होतं. त्याला ते कळलं नाही.

मिटल्या पापण्यांतून त्याला हिरवं काहीतरी झपकन गेल्यासारखं वाटलं.

आणि बाईंचा आवाज. "आई गं..."

हळूच. सुई टोचल्यावर बाईमाणूस म्हणतं तसा.

शार्दूलचा हात झटक्याने मागे आला. चौकटीला धक्का लागला. तो फरशीखाली तसाच वाकलेला राहिला, डोळे घट्ट मिटून.

"झडप पाड," बाई म्हणाल्या.

त्याने चाचपडत किरणावरची झडप पाडली. काळोख झाला. कोपऱ्यात लेझरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बाई?"

...

"बाई, लागलं का?"

...

त्याने भिंतीवरचा तांबडा दिवा लावला. बाई स्टुलावर होत्या तशाच बसल्या होत्या. दोन्ही डोळे मिटलेले. हात मांडीवर. पोथी ऐकायला बसल्यासारख्या.

"काय चमकलं?" त्यांनी विचारलं.

शार्दूलने बोट मुठीत लपवलं.

"स्क्रू," तो म्हणाला. "स्क्रू असेल."

"स्क्रू काळा आहे. मीच रंगवलाय."

"रंग उडाला असेल, बाई."

बाई गप्प राहिल्या.

ही गप्प बसण्याची जागा आली की शार्दूलचा आवाज बसतो. तो सांगतो, त्या दोन मिनिटांत त्याने काय काय विचार केला. स्क्रूवर नखाने ओरखडा काढावा, म्हणजे रंग उडालेला दिसेल. अंगठी तोंडात टाकून गिळावी. बाहेर पळत सुटावं आणि एस्टी धरून खटाव गाठावं. आपल्या हातून एका माणसाचा शेवटचा डोळा गेला, हा विचार तेवढा त्याने केला नाही. तो विचार दारात उभा होता, त्याला आत घ्यायची हिंमत होत नव्हती.

"बाई... डोळा उघडून बघा ना. काही झालं नसेल. उघडा ना."

"नको."

"का?"

"मिटल्यावरही हिरवं दिसतंय," बाई म्हणाल्या. "मावळू दे. उघडला की काय ते कळेल... तोवर तरी आहे म्हणायचा."

त्यांचा आवाज कापला. शार्दूलने चार वर्षांत तो कापलेला ऐकला नव्हता.

"मलाही भीती वाटते रे," त्या म्हणाल्या.

तो मटकन खाली बसला, फरशीला टेकून. गुडघ्यांत डोकं घातलं.

"स्क्रू नव्हता, बाई."

...

"अंगठी होती. पट्टीखाली. काढली नव्हती मी."

बाईंनी मान किंचित हलवली. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते त्याला आजही माहीत नाही.

"कसला खडा?"

"पुष्कराज."

"कशाला घातलास?"

"आईने... खटावच्या जोशीबुवांना पत्रिका दाखवली. परीक्षा होईपर्यंत क्षणभरही काढू नको म्हणाले. काढला तर सगळं उलटं होईल म्हणाले." लेझरवर प्रबंध लिहिणारा माणूस हे बोलत होता. लाजेने त्याचे कान पेटले होते. "पत्रिकेत गुरू कमजोर आहे म्हणे."

तांबड्या उजेडात एक आवाज आला. बाई हसत होत्या.

"सकाळपर्यंत तरी ठीक होता," त्या म्हणाल्या.

शार्दूलला रडू फुटलं. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "ती ताटलीत ठेवून ये."

"चला आधी डॉक्टरकडे. आत्ता. मी रिक्षा—"

"ठेवून ये."

तो उठला. जाड काळा पडदा सारला, दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. कॉलेजच्या आवारात कुणीतरी स्कूटर पुसत होतं. जग आपलं नेहमीसारखं चाललं होतं. ताटलीत त्याचं घड्याळ होतं, दीडला पाच कमी. शेजारी बाईंच्या दोन बांगड्या. पातळ झालेल्या, एका जागी किंचित चेपलेल्या.

पट्टी त्याने सोलून काढली. अंगठी घामाने सहज सुटली. ताटलीत पडल्यावर ती खणकन वाजली आणि तो दचकला.

इथून जाता येईल, असं त्याला पुन्हा एकदा वाटलं. ऊन पायांवर पडलं होतं. आत जायची त्याला इतकी भीती वाटत होती, की दाराची चौकट धरून तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे.

मग तो उंबरठा ओलांडून आत आला.

बाई तशाच होत्या.

"लेझर कमी कर," त्या म्हणाल्या. "अगदी कमी. सकाळी सुरू केलास त्याच्या निम्मा."

"बाई, आता नको."

"मग झडप उघड."

"निम्म्यावर काय होणार? दुपटीवर काही झालं नाही. आणि तुमचा डोळा..."

"डोळा मिटलेला आहे. उघड."

त्याने बटण मागे घेतलं. हात मागे बांधले, पुन्हा सोडले, मग दोन बोटांनी झडप उचलली आणि पटकन मागे सरला.

भिंतीवर ठिपका आला. फिकट, मुकाट ठिपका.

"आलाय," तो म्हणाला. "काही नाही."

"थांब."

"बाई, काही नाही होत."

"थांब म्हटलं ना. त्यांना वेळ लागतो."

ठिपका जागच्या जागी थरथरला. मग जरासा फुगला. त्याच्या कडेला एक रेघ सुटली, गोल झाली आणि बाहेर सरकली. तिच्या मागून दुसरी. मग तिसरी, चौथी... घाई न करता, एकामागून एक, हिरवी वलयं काळ्या भिंतीवर पसरत गेली. चार वर्षांत त्याने ती शेकडो वेळा पाहिली होती. आज त्याच्या अंगावर काटा आला.

"बाई!"

"आली?"

"आली. निम्म्यावर आली! पण हे... हे कसं? सेल तोच आहे. मी हातही नाही लावला."

"लावलास."

त्याने चौकटीकडे पाहिलं. मघाच्या धक्क्याने ती हलली होती. डोळे मिटून तो गुडघ्यावर बसला, मग डोळे उघडून, खालून वर बघत त्याने कोनमापीवरचा काटा वाचला. अर्धा अंश. काल तीन तास खपून साधलेला काटकोन अर्ध्या अंशाने मोडला होता.

म्हणजे बाईंची चौकट तिरकी होती ती...

त्याला काल मनात आलेले शब्द आठवले. म्हाताऱ्या हाताची थरथर. त्याने मान खाली घातली.

"एवढासाच कल," तो स्वतःशी म्हणाला. "एवढासा कल दिला, की लगेच..."

तो बाईंकडे वळला.

"तुम्ही काल का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा सरळ केली असतीस."

त्याने नाक पुसलं. वलयं स्थिर झाली होती.

"शार्दूल."

"हां, बाई."

"आता घाबरतोस?"

"हो."

"कशाला? परीक्षकांना?"

परीक्षक! तो विसरूनच गेला होता. तीन वाजता कुणीतरी येणार होतं आणि त्याच्या चार वर्षांचा निकाल लावणार होतं, हे त्याला दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही डोळा उघडाल त्याला घाबरतो."

"हं." बाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. "हे खरं बोललास."

पंखा घरघरत होता. ट्यूबांवरची फरशी किंचित डोलली आणि थांबली.

"किती आहेत?"

"काय?"

"वलयं रे. मोज."

"बाई, मोजून काय..."

"मोज. बाहेरून आत."

तो मोजू लागला. बोट हवेत धरून, पोरं पाढे म्हणतात तसा मोठ्याने. एक. दोन. तीन. मध्ये चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजली. सात. आठ. आतली वलयं बारीक होती, एकमेकांना चिकटलेली. नऊ. दहा. अगदी मध्ये, वाटाण्याएवढं, शेवटचं.

"अकरा."

"नक्की?"

"अकरा, बाई."

"परीक्षकांना हीच दाखव. डॉक्टरकडे मग जाऊ. जळलेलं काही तासाभराने कमीजास्त होणार नाही."

"पण बाई, जळलंय की नाही ते तरी..."

बाईंनी डावा हात उचलून डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला, नीट झाकला. मान भिंतीकडे वळवली.

लहानपणी आईने शिकवलेलं देवाचं नाव शार्दूलच्या ओठांवर आलं. कुणासाठी मागायचं तेही या वेळी त्याला कळत होतं.

बाईंनी उजवा डोळा उघडला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. ओठ हलत होते, मोजल्यासारखे. हिरवा उजेड त्यांच्या कपाळावर, पांढऱ्या केसांवर पडला होता. एकदा त्यांनी मान जराशी तिरकी केली, पुन्हा बघितलं, पुन्हा ओठ हलवले.

मग तळहात खाली घेतला.

"किती म्हणालास?"

"अकरा."

"बाहेरची सात बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "मधलं तू सांगत जा."